दोनशे दहा पावलं

आधीच सांगून ठेवतो, यातलं अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर शंभरेक जणांना सांगितलं असेल, एकाचाही विश्वास बसला नाही. त्यातले दोघे तर माझे सख्खे भाऊ होते. पण उद्या तुम्हाला पळायचं आहे, तुमच्या बाई छातीवर लावायचे नंबर आणायला गेल्या आहेत, आणि त्या येईपर्यंत तुम्ही आठ पोरी नुसती नखं खात बसणार. नखं खाण्यापेक्षा गोष्ट बरी. सरका, त्या दोरांच्या वेटोळ्यांवर बसा. टोचत नाहीत. मी पन्नास वर्षं दुपारचा त्यांच्यावर आडवा होतो, पाठीला पीळ पडलाय एवढंच.

तर तुमच्या बाई, म्हणजे माझी नात, तेव्हा बारा वर्षांची होती. आम्ही तिला टिटवी म्हणायचो. पाय इतके बारीक की सावलीसुद्धा पडू की नको असा विचार करायची. हे नाव त्यांच्यासमोर घेऊ नका. घेतलंत तर मी सांगितलं म्हणू नका.

घर आमचं दोर वळणाऱ्यांचं. हे चाक बघताय ना, हे माझ्या बापाच्या हातचं. एकाने चाकाशी बसून दांडा फिरवायचा, की समोरचा आकडा गरागरा फिरतो. दुसऱ्याने कमरेभोवती वाख, म्हणजे अंबाडीचा विंचरलेला तंतू, गुंडाळायचा, त्याची शेंडी आकड्याला अडकवायची, हातात ओलं फडकं धरायचं आणि चिमटीने वाख सोडत सोडत मागे चालायचं. मागे म्हणजे उलटं. तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. वाखात पीळ भरत जातो आणि सूत तयार होतं. अशी तीन सुतं एकत्र वळली की दोर. सांगायला सोपं आहे. चाल मात्र एकसारखी हवी. पाऊल लांबलं की सूत बारीक, पाऊल आखडलं की सूत जाड. वाट संपली की चालणाऱ्याने उजवा हात वर करून ओरडायचं, "भरलं!" की चाकवाला थांबतो.

आमची वाट दोनशे दहा पावलांची. मी चाकावर, टिटवी वाटेवर. शाळेच्या आधी दोन तास, शाळेनंतर दिवस मावळेपर्यंत. ती माझ्याकडे बघत बघत लांब जायची, दोनशे दहाव्या पावलाला हात वर करायची, "भरलं!" म्हणायची, आणि सूत खुंट्यांना अडकवत पळत परत यायची. त्या परत येण्यातच ती पळायला शिकली. तिच्या मागे आमची कुत्री पळायची, ती दमून बसायची. एकदा तर कुत्रीने टिटवीला वाटेत अडवून हात जोडले होते.

हसा, हसा. पुढे हसायचं नाही.

त्या वर्षी अवेळी पाऊस लागला. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नुसती भुरभुर. नऊ दिवस. वाखाला मोड आले. ओला वाख पीळ धरत नाही, आणि चिखलात उलटं चालता येत नाही. तरी माझा मुलगा, म्हणजे टिटवीचा बाप, चालायला गेला. पाचव्या दिवशी घसरला आणि खांद्यावर पडला. खांदा निखळला. हाडवैद्याने तो जागेवर बसवला आणि सांगितलं, दीड महिना या हाताने माशीसुद्धा हाकलायची नाही.

आणि बोटवाल्याला चाळीस दोर द्यायचे होते. बोटी पाण्यात उतरायच्या आधी. दरवर्षी तो आमच्याकडूनच न्यायचा. यंदा मात्र जाता जाता बोलून गेला, "म्हातारबा, आता कारखान्याचे दोर मिळतात. वेळेवर मिळतात."

म्हणजे यंदा उशीर झाला तर पुढच्या वर्षी तो आमच्या दारात येणार नव्हता.

सूनबाईचा हात वाख विंचरण्यात असा की तिने विंचरलेला वाख बघून बायका स्वतःच्या केसांवर हात फिरवायच्या. पण उलटं चालली की तिला भोवळ यायची. आमच्या म्हातारीचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. राहिलो कोण? मी आणि टिटवी. भुरभुर थांबली, वाट वाळली, आणि आम्ही जुंपून घेतलं. पोरीच्या दोन्ही चिमट्यांना फोड आले, फुटले, त्यावर कातडी आली, पुन्हा फोड. ती फडकं बदलायची आणि चालायची.

त्यातच शाळेत तीन शाळांच्या शर्यती निघाल्या. खेळाचे सर नवे होते. शिट्टी गळ्यात, वही काखेत, अंगावर मांस एवढंच की शिट्टी टेकायला छाती असावी. सूत अडकवून पळत परत येणाऱ्या टिटवीला त्यांनी रस्त्यावरून पाहिलं होतं. म्हणाले, "ही मुलगी एक पूर्ण फेरी पळेल. चारशे मीटर."

शर्यत मी कुंपणाबाहेरून पाहिली. शपथेवर सांगतो, शिट्टी वाजली आणि टिटवी सुटली ती अशी की बाकीच्या पोरींना वाटलं आपली शर्यत अजून सुरूच व्हायची आहे. पहिलं वळण, दुसरं वळण, लांबचा पट्टा, सगळीकडे ती पुढे. वीस पावलं पुढे. सर उड्या मारत होते, शिट्टी दातावर आपटत होती. शेवटचं वळण संपत आलं, शेवटचा पट्टा समोर दिसायला लागला, आणि टिटवी थांबली.

दम लागून नाही, पडून नाही. खुंटीपाशी थांबावं तशी थांबली. उजवा हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडली,

"भरलं!"

मागच्या सहाही पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेल्या. ती हात वर करून तशीच उभी. मग तिच्या लक्षात आलं. हात खाली घेतला, पण कुठे ठेवावा ते तिला कळेना. मैदान हसलं. तीन शाळांची पोरं, त्यांचे मास्तर, बर्फाचा गोळा विकणारा, सगळे. "भरलं! भरलं!" करून पोरं हात वर करायला लागली. मी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून उभा होतो. तेवढ्यात मीही हसलो असं म्हातारी म्हणते. ते साफ खोटं आहे. माझं तोंडच तसं आहे.

घरी येऊन टिटवीने दप्तर माळ्यावर टाकलं आणि वाख कमरेला बांधला.

"दप्तर का गं वर?" मी विचारलं.

"चाक फिरवा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला ती वाटेवरच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सर घरी आले. वही घेऊन. कुठल्या तरी शिबिरात शिकून आले होते की शर्यतीत मूल हरलं तर त्याची बारा कारणं असू शकतात. बाराही त्यांनी वहीत उतरवून आणली होती.

"आजी, मुलीची झोप किती तास होते?"

"गाढ," आमची म्हातारी म्हणाली.

"तास विचारतोय मी."

"घड्याळ नाही हो आमच्याकडे. कोंबडा आहे, पण तो लहरी आहे."

सरांनी काहीतरी लिहिलं. "आहार?"

"जे शिजतं ते. नाही शिजलं तर जे उरलंय ते."

"घरातलं वातावरण?"

म्हातारीने वर बघितलं. "दोन ठिकाणी गळतं. बाकी चांगलं आहे."

"पालकांचा दबाव?"

माझा मुलगा कोपऱ्यात हात गळ्यात बांधून बसला होता. तो म्हणाला, "दबाव कसला सर, खांदाच निखळलाय."

"घरून प्रोत्साहन मिळतं का? म्हणजे तुम्ही तिला काय म्हणता?"

"'वाख संपला, आण' म्हणतो," मी म्हणालो.

सर बिचारे चांगले होते. वही मिटली, पुन्हा उघडली आणि हळू आवाजात विचारलं, "प्रेक्षकांची भीती?"

यावर आतून, वाखाच्या ढिगाआडून आवाज आला, "प्रेक्षकांची नाही. हसण्याची."

सर उठले, ढिगापाशी जाऊन उकिडवे बसले. "हे बघ, महिन्याने मोठ्या मैदानावर शर्यत आहे. शाळेतून एक नाव पाठवायचंय. मी तुझंच पाठवलंय."

"खोडा."

"शाईने लिहिलंय."

"मग कागद फाडा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हातारीकडे. म्हातारी म्हणाली, "टिटवे, एक फेरी पूर्ण कर. मग दप्तर माळ्यावर टाक नाहीतर विहिरीत टाक, मी एक शब्द बोलणार नाही. पण अर्ध्यात थांबून टाकायचं नाही. आपण अर्धा दोर कुणाला विकतो का?"

ढिगाआडून एक बारीक हात आला आणि त्याने माळ्याकडे बोट दाखवलं. मी शिडी लावून दप्तर काढलं. मला भीती पळण्याची नव्हती, पोरींनो. त्या दप्तराची होती.

झालं, सर कामाला लागले. बाराही कारणांवर बारा उपाय. रोज दोन अंडी. ती अंडी इतकी ताकदीची की टरफल फेकलं तिथे झाड उगवलं. दूध, केळी. पायांना तेल. बूट आले सरांच्या पुतण्याचे, दोन बोटं मोठे. पुढे वाख कोंबून बसवले. शाळा सुटल्यावर मैदानात सराव, मग घरी येऊन वाट.

अंडी खाल्ली, तेल मुरलं, बूट घातले. पहिल्या दिवशी सरावात टिटवी शेवटच्या वळणाच्या टोकाला थांबली. दुसऱ्या दिवशी तिथेच. या वेळी हात वर गेला नाही, पण पाय थांबले. ती पायांवर ओरडायची. पायांवर ओरडून काय होतं?

सर वहीत तेरावं कारण शोधायला लागले.

आमची म्हातारी पोरीला घ्यायला जायच्या निमित्ताने मैदानाच्या कडेला बसायची. हातात सुताचा तुकडा. ती आकडे शिकलेली नाही, गाठीने मोजते. दहा पावलांना एक गाठ. मला वाटायचं, हाताला चाळा म्हणून काहीतरी करते. तीन दिवसांनी तिने तीन तुकडे माझ्या पुढ्यात एकाशेजारी एक ठेवले.

"अहो, हे बघा."

"काय बघू?"

"एकवीस. एकवीस. एकवीस. आता उठा आणि आपली वाट मोजा."

"वाट काय मोजायची? जन्म गेला तिच्यावर. दोनशे दहा..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. त्यात दोन माशा जाऊन आल्या.

सहा वर्षांची होती तेव्हापासून ती दोनशे दहा पावलांवर थांबत आली होती. दिवसातून चाळीस वेळा. सरळ असो, उलटी असो, चालत असो, पळत असो, पायांना तेवढंच माहीत. दोनशे दहा झाली की भरलं. आणि मैदानाची फेरी तिच्या पावलांनी भरायची तीनशे.

"सरांची बाराही कारणं बरोबर असतील," म्हातारी म्हणाली, "पण आपल्या पोरीचं कारण ते आहे." आणि हनुवटीने तिने आमच्या वाटेच्या टोकाची भिंत दाखवली. सुताराची भिंत.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. माझ्या बापाची वाट तीनशे पावलांची होती. या गोष्टीच्या अकरा वर्षं आधी सुताराने शेवटच्या नव्वद पावलांवर आपली शेड बांधली. ती जागा कुणाची, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून तर भांडण इतकं टिकलं. अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. त्याची कोंबडी आमच्याकडे आली तर तिच्याशीही बोलत नव्हतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते आम्हा दोघांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असणार.

दोन दिवस मी चाक फिरवत त्या भिंतीकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी गेलो.

तो फळीवर रंधा मारत होता. मी दारात उभा राहिलो. त्याने बघितलं आणि बघितलं नाही. रंधा चालूच. लाकडाचे वळसे उडून माझ्या पायांवर पडत होते. ती फळी संपेपर्यंत त्याने मला उभं केलं, आणि फळी लांब होती. माझ्या घोट्यापर्यंत वळसे आले तेव्हा त्याने फळीलाच विचारलं,

"काय पाहिजे?"

"नव्वद पावलं."

"अकरा वर्षांनी मोजायला आलास?"

"मोजायला नाही. मागायला."

रंधा थांबला. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. किती म्हातारा झाला होता मेला!

"कुणासाठी?"

"नातीसाठी. महिनाभर. मग तुझी जागा तुला."

"ती थांबली होती ती?"

"तीच."

मी सगळं सांगितलं. गाठी, दोनशे दहा, सगळं. तो अंगठ्याने रंध्याच्या पात्याची धार बघत राहिला. मग म्हणाला, "माझी धाकटी त्या दिवशी मैदानात सगळ्यात मोठ्याने हसली. घरी येऊन तिने नक्कल करून दाखवली. मीही हसलो."

मी पायांवरचे वळसे झटकले.

"पुढचं दार आहे," तो म्हणाला. "मागच्या भिंतीला खिडकी आहे. खिडकीचं दार करावं लागेल." आणि त्याने करवत उचलली. मी तिथे उभा असतानाच त्याने खिडकीखालची फळ्यांची भिंत कापायला सुरुवात केली. कापता कापता बोलला, "खाली भुसा असतो. उलटी चालताना घसरेल. रोज सकाळी झाडून ठेवीन मी."

मग काय, दुसऱ्या दिवसापासून आमचं सूत सुताराच्या शेडमधून जायला लागलं. पुढच्या दाराने आत, त्याच्या कामाच्या ठोकळ्याला खेटून, मागच्या दाराने बाहेर, थेट माझ्या बापाच्या जुन्या खुंटीपर्यंत. सुतार खुर्चीचा पाय बनवतोय आणि त्याच्या नाकासमोरून सूत थरथरतंय. सूत ओलांडायला तो दिवसातून शंभर वेळा वाकायचा. म्हणायचा, इतका मी बायकोसमोरही वाकलो नाही.

आणि दोनशे दहावं पाऊल पडायचं नेमकं दाराशी, त्याच्या ठोकळ्याजवळ. पहिल्या दिवशी टिटवी तिथे थांबली, हात वर जायला लागला. सुताराने मान वर न करता म्हटलं,

"अजून."

ती दचकली. चालली.

पुढच्या फेरीला पुन्हा थांबली. "अजून." पुन्हा. "अजून." चिडला नाही, हसला नाही, कामातून बघितलंही नाही. फळीवर खूण करतोय, "अजून." तोंडात खिळे धरलेत, "अजू." आठ दिवसांनी ती ठोकळ्यापाशी फक्त अडखळायला लागली. पंधरा दिवसांनी अडखळेनाशी झाली. त्या वर्षीच्या दोरांना लाकडाचा वास होता. बोटवाला नंतर म्हणाला, तुमचा दोर बांधला की नवी बोट घेतल्यासारखं वाटतं.

पण ते नंतर. शर्यतीचा दिवस उजाडला तोच बोटवाल्याचा ट्रक यायचा दिवस. दिवेलागणीला ट्रक येणार, आणि चाळीसातले पाच दोर बाकी. म्हणजे पंधरा सुतं. एक सूत काढायला तीनशे पावलं जायचं, तीनशे यायचं. त्यावर तिन्ही एकत्र वळायची ती वेगळी.

सकाळी सर सायकल घेऊन दारात. टिटवीने बूट घातले नव्हते. कमरेला वाख बांधून ती वाटेवर उभी.

"मी नाही जात. पंधरा सुतं राहिलीत."

"मी बघतो," मी म्हणालो.

"कसं बघता? चाकावर तुम्ही. वाटेवर कोण?"

माझा मुलगा उठला, गळ्यातला हात सोडवायला लागला. सूनबाईने त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं.

मी चाकावरून उठून तिच्याकडे गेलो. तिच्या कमरेची गाठ सोडली. वाख माझ्या हातात आला, तो तिच्या अंगाने गरम झाला होता. म्हणालो, "वारा बघ कसा सुटलाय. असा वारा असला की चाक आपोआप फिरतं. माझ्या बापाच्या वेळी तर तो वाऱ्यावर काम सोपवून गावाला जायचा."

"आजोबा, थापा मारू नका."

"मी? आणि थापा?"

ती हसली. त्या शर्यतीनंतर पहिल्यांदा. बूट घातले, पुढे वाख कोंबला, सायकलवर बसली. मीही मागे बसलो. एका सायकलवर तिघं, आणि मागून धावत आलेली कुत्री चौथी.

काय गं, दोन वेण्यांचे, हात का वर करतेस? वाख कुणी ओढला? सांगितलं ना, वाऱ्याने. त्या दिवशी वारा असा शहाणा होता की एका टोकाने चाक फिरवत होता आणि दुसऱ्या टोकाने वाख कमरेला बांधून मागे मागे चालत होता. पंधरा सुतं काढली, पाच दोर वळले, वेटोळी घातली, ट्रकमध्ये चढवली, आणि बोटवाल्याला पाणी विचारलं. मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. गोष्टीचा पीळ सुटतो.

तर मैदान. केवढं मैदान! या टोकाला सकाळ होती आणि त्या टोकाला दुपार. आठ शाळांच्या आठ पोरी. एकीचे बूट एवढे चकचकीत की त्यात बघून बाकीच्या वेण्या घालत होत्या. टिटवी सहाव्या पट्ट्यात. तिने इकडेतिकडे बघितलं. जन्मभर ती माझं तोंड बघत चाललेली पोर, तिला समोर ओळखीचं काही नको का? मी कुंपणाला छाती लावून उभा होतो. शेवटच्या वळणाच्या टोकाला. नेमका तिथे.

बार झाला. सुटल्या. पहिलं वळण टिटवी तिसरी. दुसऱ्याला दुसरी. लांबच्या पट्ट्यावर तिच्या बुटातला वाख बाहेर आला आणि मागे उडायला लागला, शेपटीसारखा. मी मोजत होतो. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. दोनशे. दोनशे पाच. तिचा उजवा खांदा हलला. मी खांदा ओळखतो, हात वर जायच्या आधी तो असाच हलतो. दोनशे नऊ. तेवढ्यात मी छाती भरून ओरडलो,

"अजून!"

तो आवाज असा गेला की मैदानावरची चुन्याची रेघ वाकडी झाली. टिटवीने माझ्याकडे बघितलं. आणि मग काय केलं असेल तिने? सांगा. तिने गर्रकन पाठ फिरवली आणि शेवटची नव्वद पावलं उलटी पळाली! उलटी! तोंड बाकीच्या सात जणींकडे, हात चिमटीत धरल्यासारखे पुढे, एकसारखी चाल. मागच्या पोरींकडे बघून हसतेय आणि मागे मागे जातेय. त्या बिचाऱ्यांना वाटलं आपणच उलट्या दिशेने पळतोय, दोघी तर वळून परत निघाल्या. पहिली! टिटवी पहिली! फीत पाठीने तोडली. कप एवढा मोठा मिळाला की उचलायला चौघं लागली, घरात मावेना, बाहेर ठेवला तर कोंबडीने त्यात अंडी घातली आणि पिल्लं निघाली तरी तिला वर चढता आलं नाही.

कुठे आहे तो कप? तो ना... तो म्हातारीने कोंबडीसकट विकला.

हे कोण खाकरलं? अगं, तू? कधी आलीस? बस, बस. नंबर आणलेस? पोरींनो, उठा, बाई आल्या. दारात कशाला उभी राहतेस, मी यांना जरा धीर देत होतो.

"आजोबा, मी चौथी आले होते."

चौथी? बरं, चौथी. पण उलटी पळून...

"सरळ पळून. थांबले नाही, एवढंच. आणि 'अजून' ओरडले ते सुतारकाका. दोन दिवस त्यांचा घसा बसला होता. सायकलच्या मागे तेच बसले होते. तुम्ही मैदानावर नव्हतातच."

मी नव्हतो? मग होतो कुठे मी? चाकावर तर वारा...

"चाकावर आजी होती. आणि वारा जर एवढा शहाणा होता, तर संध्याकाळी मी धावत घरी आले तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या सगळ्या पाठीला सुतारकाकांच्या शेडमधला भुसा कसा काय चिकटला होता?"